तिसरी रिंग

"किती रिंग झाल्यावर पुढच्या टेबलावर टाकू?" निकेशनं विचारलं.

चंद्रपूरहून आलेला हा टेलिफोनचा मेकॅनिक मालेरटोल्याच्या मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसला होता. प्रश्न होता सचिवांना, पण सचिव पलीकडे फायली उपसत होते, म्हणून उत्तर दिलं वरिष्ठ लिपिक नानाजी गेडेकरांनी. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नानाजींना फार हौस.

"दोन रिंगा. मंग माणूस."

"दोन रिंग, मग पुढचा माणूस," असं पुटपुटत निकेशनं बटणं दाबली. सगळं बिघडलं ते इथेच, पण त्या वेळी ते कुणालाच कळलं नाही.

नानाजींना म्हणायचं होतं ते वेगळंच. मालेरटोला हे चामोर्शीपासून बरंच आत, एका बाजूला तलाव आणि तीन बाजूंना जंगल असलेलं गाव. इथे पहिल्या हाकेला ओ द्यायची पद्धत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. पहिल्या दोन हाका कुणाच्याही असू शकतात, पाण्यातल्या, झाडावरच्या, नाहीतर गेल्या वर्षी गेलेल्या काकाच्या. असल्या कुणालाही तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली की समजायचं, माणूस आहे. गावात फोन आला तेव्हा हा नियम फोनलाही लागू झाला. दोन रिंगा सोडायच्या, तिसरीला उचलायचा. बाहेरच्या लोकांना वाटे, या गावाला भारी माज आहे.

सचिव हरिदास बारसागडे मात्र असलं काही मानत नव्हते. ते एप्रिलमध्येच रुजू झाले होते. वडिलांनी त्यांच्याकडून लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या आणि भूतखेत हा शब्द त्यांच्या घरात फक्त चेष्टेसाठी वापरला जाई. तरीही फोन वाजला की हरिदास तिसऱ्या रिंगेलाच उचलत. याच मुलखातल्या आईनं लावलेली सवय होती ती. तिला ते सवय म्हणत, श्रद्धा म्हणत नसत, आणि त्यांच्या मते या दोन्हींत फार मोठा फरक होता.

आजचा दिवस हरिदासांच्या दृष्टीनं जीवनमरणाचा होता. गावच्या तलावाचा ठेका मे महिन्यात संपत होता. एकशे चाळीस घरं त्या तलावावर जगत होती आणि बाहेरचा एक ठेकेदार त्यावर डोळा ठेवून होता. आधीचे सचिव मनसारामभाऊ यांनी मुदतवाढीचा अर्ज मार्चमध्येच नेऊन दिला होता, पण जाळं झटकून आलेल्या ओल्या हातांनी. त्यामुळे अर्जावरचा जावक क्रमांक आणि तारीख यांचा मिळून एक निळा डाग झाला होता. जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं होतं, की सोमवारी, म्हणजे आजच, बारा ते तीनच्या दरम्यान संस्थेच्या फोनवर विचारणा होईल. क्रमांक आणि तारीख सांगा, म्हणजे अर्ज मुदतीत आला असं लिहिता येईल. तीन वाजता यादी वर जाईल. नाहीतर पुढचा अर्ज, म्हणजे ठेकेदाराचा.

पंचाईत अशी, की जावक रजिस्टर सापडत नव्हतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा क्रमांक त्यात असतो, आणि ते लिहायचे मनसारामभाऊ. अर्ज देऊन आल्या दिवशीच दुपारी, आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असताना मनसारामभाऊ गेले. खोलीतली दोन्ही कपाटं तिसऱ्या दिवशी बाहेर काढली, त्यातला कागद न् कागद पाहून झाला. मग खोलीला कुलूप लागलं, ते आजतागायत. आत एक टेबल आणि एक खुर्ची तेवढी राहिली.

आणि अजून काहीतरी, असं नानाजींचं म्हणणं.

"दुपारी आवाज येते आतून," ते सांगत. "खुर्र खुर्र करते. मंग पिचकारी माराचा आवाज. भाऊ तसेच करत, खर्रा खाल्ला का."

"उंदीर असतील," हरिदास म्हणत.

"उंदीर पिचकारी मारते का, सायेब?"

 खोली उघडून पाहावी असं हरिदासांनी अनेकदा ठरवलं, पण दर वेळी दुसरंच काही महत्त्वाचं काम निघालं.

फोन चुकू नये म्हणून त्यांनी मुद्दाम निकेशला बोलावलं होतं. एकच नंबर, पण वाजणार सगळ्या टेबलांवर, एकामागून एक. पहिलं टेबल ऑपरेटर मंजुषाचं, दुसरं नानाजींचं, तिसरं सचिवांचं. निकेशला दिलेल्या कागदावर नानाजींनी सवयीनं चार टेबलं लिहिली, चौथं मनसारामभाऊंचं. निकेशनं खिळ्यावरची किल्ली घेतली, चौथी खोली उघडली, फोन बसवला आणि परत कुलूप लावलं.

"खोली थंडगार आहे बाप्पा," तो बाहेर येऊन म्हणाला. "बाहेर चाळीस डिग्री अन् आत बिनाकूलरचं गार. कोण बसते तिथी?"

 नानाजींनी छताकडे पाहून हात जोडले.

"अन् हे पाहा," निकेशनं फोनवरचा दिवा दाखवला. "कोणी एकानं कुठूनही फोन उचलला, का चारही फोनवर हा लाल दिवा लागन. तुमी आपला रिसिव्हर उचलून आयकू शकता. सगळ्यायचा मिळून एकच."

"म्हंजे चोरून आयकाचं?" नानाजींनी विचारलं.

"शेअरिंग म्हणतेत त्याले. आज येणारे फोन चालू केले. जाणारे उद्या चालू करतो."

अकराच्या बसनं निकेश गेला.

बारा वाजून वीस मिनिटं झाली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तलावाचं पाणी पांढरं दिसत होतं आणि तलावाच्या बांधावरच्या, म्हणजे पाळीवरच्या, मोहाचं पानही हलत नव्हतं. कूलर घरघरत होता. मंजुषाच्या टेबलावरचा फोन वाजला.

ट्रिंग. मंजुषानं हात पुसले. ट्रिंग. तिनं हात पुढे केला आणि तिसऱ्या रिंगेची वाट पाहिली. तिसरी रिंग आली नाही.

दुसऱ्याच क्षणी नानाजींच्या टेबलावर ट्रिंग झालं. परत ट्रिंग. नानाजींचा हात रिसिव्हरच्या वर वीतभर अंतरावर थांबला होता. तिथेही तिसरी आली नाही. मग सचिवांच्या खोलीत दोन. हरिदास उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

आणि मग बंद दाराआड, मनसारामभाऊंच्या खोलीत, ट्रिंग. ट्रिंग. त्यानंतर सगळं शांत झालं. फक्त कूलर चालू होता.

"सायेब," नानाजी दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, "दोनच वाजल्या."

"हो."

"चारही जागी दोनच."

"ऐकलं मी, नानाजी."

"म्हंजे माणूस नाई," नानाजी म्हणाले, आणि न विचारता समोरच्या खुर्चीवर बसले.

पावणेएकला पुन्हा तेच. आवाज मंजुषाकडून निघाला, नानाजींकडे आला, सचिवांकडे आला आणि बंद खोलीत गेला. कुणीतरी सावकाश एकेका टेबलापाशी थांबून, माणूस ओळखून, आपल्या खोलीत जाऊन बसावं, तसं. या वेळी हरिदास आवाजामागे धावले. पण ते मंजुषाच्या टेबलाशी पोचले तेव्हा तो नानाजींकडे होता, नानाजींकडे पोचले तेव्हा त्यांच्याच खोलीत होता, आणि तिथून तो जिथे गेला तिथे मागोमाग जायची त्यांची हिंमत झाली नाही.

"भाऊ फेरी मारून राह्यले," मंजुषा म्हणाली.  "ते असतानी अशेच मारत. पयले माह्या टेबलाशी, मंग नानाजीच्या."

"तांत्रिक बिघाड आहे," हरिदास म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला, पण तो उन्हाचा नव्हता. "मी निकेशला विचारतो."

कार्यालयात मोबाईलला रेंज नव्हती. ती मिळे तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, तेही हात उंच करून. हरिदास डोक्याला दुपट्टा बांधून भर उन्हात पाळीवर चढले. निकेश संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. मग त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. तो व्यस्त होता. पाच वेळा लावला, पाचही वेळा व्यस्त. साहेब त्या वेळी मालेरटोल्यालाच फोन लावत होते, हे हरिदासांना कसं कळावं?

ते खाली आले तेव्हा नानाजी आणि मंजुषा एकाच टेबलाशी खुर्च्या लावून बसलेले होते. आवाज तिसऱ्यांदा फिरून गेला होता.

"आता मीच उचलतो," हरिदास म्हणाले. "पहिल्याच रिंगेला. काय व्हायचं ते होऊ द्या. एकशे चाळीस घरांचा प्रश्न आहे."

ते मंजुषाच्या टेबलाशी बसले. दीड वाजून गेला. दोनला दहा कमी असताना फोन वाजला. हरिदासांनी हात घातला, आणि नानाजींनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सायेब, लेकरंबाळं हायेत तुमाले!"

"सोडा, नानाजी!"

"नाई सोडत! भाऊंनी मले पोरावानी सांभाळलं, पण त्यायच्या हाकेले मी ओ देऊ देनार नाई!"

झटापटीत दुसरी रिंग झाली आणि आवाज पुढे निघून गेला. बंद खोलीत दोन वाजल्या. मग आतून, अगदी स्पष्ट, कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज आला. मंजुषानं तोंडावर ओढणी घेतली.  आपल्याला भीती वाटते आहे, हे हरिदासांना कळलं आणि त्याची लाजही वाटली.

सव्वादोन. ठेका जाणार, हे आता त्यांना दिसू लागलं होतं. रजिस्टर नाही, क्रमांक नाही, फोन उचलणारा माणूस नाही. उद्या पाळीवर ठेकेदाराचा पहारेकरी बसेल आणि गावातल्या बाया तिथे मासे धरायला सूप घेऊनही जाऊ शकणार नाहीत. आपण येऊन दोन महिने झाले नाहीत, तोच तलाव घालवला.

"आता वाजला की मला धरायचं नाही," ते नानाजींना म्हणाले. "धरलंत तर लेखी कळवीन."

नानाजींनी हात मागे घेतले. लेखी हा शब्द भुतापेक्षा जड होता.

पण फोन वाजला तेव्हा हरिदासांचा स्वतःचाच हात उठला नाही. पहिली रिंग झाली. उचल, असं ते स्वतःला सांगत होते. दुसरी झाली. बोटं रिसिव्हरला लागली, तोवर आवाज नानाजींच्या टेबलावर गेलेला. आईची सवय, दुसरं काही नाही! आवाज तिसऱ्या टेबलावरून पुढे सरकला. बंद खोलीत ट्रिंग झालं.

तिथे दुसरी रिंग झालीच नाही. मंजुषाच्या फोनवर लाल दिवा लागला.

नानाजींच्या फोनवर लागला. आतल्या खोलीतून सचिवांच्या फोनचाही तांबडा उजेड दिसू लागला. दाराला कुलूप होतं. किल्ली खिळ्यावर होती. आणि मनसारामभाऊंच्या खोलीत कुणीतरी फोन उचलला होता.

 हरिदास त्या दिव्याकडे किती वेळ पाहत राहिले, कुणास ठाऊक. शेवटी मंजुषाच म्हणाली, "सायेब, आयका ना. तिकडून जिल्ह्याचे असले तं?" तेव्हा कुठे त्यांनी रिसिव्हर उचलून कानाला लावला.

"...तेवढा जावक क्रमांक सांगा म्हणजे झालं," साहेबांचा आवाज होता. "केव्हाचा थांबलोय मी."

पलीकडून कुणीतरी काहीतरी चघळत होतं. मग खर्ऱ्यानं भरलेल्या तोंडातून, जाड, ओला आवाज आला.

"दोनशे सतरा. चौदा मार्च."

"दोनशे सतरा, चौदा मार्च. डागाशी जुळतंय. बरं, लिहिलं. सचिव मनसारामजीच ना?"

"हाव."

फोन ठेवल्याचा आवाज आला. चारही दिवे विझले.

हरिदासांनी पुढे जे केलं त्याचं त्यांना स्वतःलाच नंतर नवल वाटलं. त्यांनी किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दार लोटलं. नानाजी त्यांच्या मागे होते, म्हणजे बरेच मागे.

खोलीत तलावाकडचं, कुणाच्या ध्यानातही नसलेलं मागचं दार सताड उघडं होतं. त्यातून गार वारा येत होता. जमिनीवर एक चटई होती, आणि चटईशेजारी, पदरानं तोंड पुसत, कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या देवकाबाई उभ्या होत्या.

"झोपू देत नाई बाप्पा मेला फोन!" त्या म्हणाल्या.

नानाजींना आधी हसू फुटलं की रडू, ते सांगता येत नाही. दोन्ही एकदम फुटलं असावं. मंजुषा दाराला टेकून हसत सुटली.

सगळा उलगडा पाच मिनिटांत झाला. झाडलोट आटोपली की देवकाबाई रोज दीड वाजता मागच्या दारानं या खोलीत येत आणि चार वाजेपर्यंत झोपत. खोली तलावावरच्या वाऱ्यानं गार राही आणि भाऊंच्या भीतीनं रिकामी. घोरणं त्यांचं होतं, खर्ऱ्याची पिचकारी त्यांची होती. खोलीत भाऊ आहेत ही बातमीही पहिल्यांदा त्यांनीच नानाजींना दिली होती.

"काऊन हो बाई?" नानाजी कळवळून म्हणाले. "दोन महिने मी जपमाळ घेऊन बसून राह्यलो!"

"नाई तं तुमीच येऊन झोपले असते इथी," देवकाबाई म्हणाल्या. 

"पण तुम्ही फोन उचललात कसा?" हरिदासांनी विचारलं. "इथे तर दोनच रिंगा वाजत होत्या."

"मंग? मघा दोन वाजल्या, मी नाई उचलला. आता परत वाजली. दोन अन् एक किती झाले?" देवकाबाईंनी तीन बोटं दाखवली. "तिसरी म्हंजे माणूस. तुमी लिहिले-वाचलेले, दर येळी पयल्यापासून मोजता का?"

 नानाजींनी निकेशला काय सांगितलं आणि निकेश काय समजला, हे आता हरिदासांच्या ध्यानात आलं. दोन रिंगा, मग माणूस. यंत्रानं माणूस शोधत चार टेबलं पालथी घातली होती आणि माणसं तिसऱ्या रिंगेची वाट पाहत बसली होती. त्यांना एकदम हलकं वाटलं. तलाव राहिला होता, भूत गेलं होतं, आणि विज्ञानाचा विजय झाला होता.

"पाहिलंत, नानाजी?" ते म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला कारण असतं." मग देवकाबाईंकडे वळून त्यांनी चक्क हात जोडले. "बाई, तुमच्यामुळे गाव वाचलं. पण तो नंबर तुम्हाला ठाऊक कसा?"

"कोनता नंबर?"

"जावक क्रमांक. दोनशे सतरा."

देवकाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "मी कायले नंबर सांगू? मले वाचता येते का? मी उचलला, 'हाव, थांबा' म्हणली, अन् टेबलावर ठेवला. तोंडात खर्रा होता ना. थुंकाले पाळीकडं गेली, तोंड धुतलं, आली तं फोन जाग्यावर ठेवला होता. मले वाटलं तुमीच तिकडून ठेवला."

 मागच्या दारातून तलाव दिसत होता. मंजुषाचं हसू थांबलं.

नानाजी सावकाश खुर्चीपाशी गेले. मनसारामभाऊ उंचीनं कमी होते, टेबलाशी हात पुरावेत म्हणून ते बुडाखाली काहीतरी घेऊन बसत, हे त्यांना आत्ता आठवलं. खुर्चीतल्या गादीवर दोन महिन्यांची धूळ होती, आणि त्या धुळीला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. नानाजींनी गादी उचलली. खाली जावक रजिस्टर होतं.

शेवटची नोंद भाऊंच्या तिरप्या अक्षरात होती. क्रमांक दोनशे सतरा. चौदा मार्च. तलाव मुदतवाढ.

दुसऱ्या दिवशी निकेश बाहेर जाणारे फोन चालू करायला आला. घडलेलं त्याला कुणी सांगितलं नाही. फक्त रिंगा वाढवायच्या आहेत, एवढं हरिदास म्हणाले.

"पहिल्या तीन टेबलांवर पाच-पाच करा."

"केल्या. अन् ते चौथं काढूनच टाकतो, सर. तिथी कोणी बसत तं नाई."

नानाजी, मंजुषा आणि दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या देवकाबाई, तिघंही सचिवांकडे पाहू लागली. हरिदासांनी बंद दाराकडे पाहिलं. 

"राहू द्या ते," ते म्हणाले. "आणि तिथे दोनच ठेवा."

"दोन कमी होतेत, सर. दोन रिंगांत कोण उचलन?"

"आमच्या ऑफिसात," हरिदास म्हणाले, "दोन रिंगांत उचलणारे ते एकटेच आहेत."